सोबतीशिवाय येऊ नये

ते अकरा अर्ज मागायला आलात ना? मिळणार नाहीत. पण तीन जिने चढून आलात, धाप लागलीय, तर बसा जरा. ती खुर्ची नको, ही घ्या. आणि तेवढा दिवा लावा. चार वाजले की या खोलीत अंधारून येतं. समोरची इमारत सगळा उजेड अडवून बसते. आवाज मात्र खाली ठेवा, आत आई आहे.

माझ्या जागी आता तुम्ही बसता, म्हणजे दारावरची ती पाटी तुम्हाला रोज दिसत असेल. ‘तपासणीसाठी सोबतीशिवाय येऊ नये.’ अजून आहे ना? वाटलंच मला. सोडून जाताना दहा वेळा सांगितलं होतं, आधी ती पाटी उतरवा. पण माझं ऐकतंय कोण! लावली मीच होती म्हणा. अक्षरही माझंच आहे.

काम काय असतं ते तुम्हाला ठाऊक आहे, तरी सांगते. मला सगळं क्रमानं सांगायची खोड आहे, आणि मध्येच कोणी बोललेलं खपत नाही. स्मृतिभ्रंश माणसाला पुरता गाठायच्या आधी त्याची चाहूल घ्यायची, हे आपलं काम. म्हाताऱ्या माणसाला आत बसवायचं, पंधरा शब्द वाचून दाखवायचे, मग वीस मिनिटं दुसऱ्याच गोष्टीत गुंतवायचं आणि शेवटी विचारायचं, सांगा बघू, मघाचे शब्द कोणते होते? तेवढ्या वेळात त्याच्या सोबत आलेला माणूस बाहेर बसून अर्ज भरतो. सव्वीस प्रश्न. दहा वर्षांपूर्वीच्या मानानं यांचं कसं चाललंय? वस्तू जागच्या जागी सापडतात का, कालचं बोलणं आज आठवतं का, नेहमीच्या रस्त्यानं घरी येतात का. पुढे तीन उत्तरं: काही बदल नाही, थोडं बिघडलंय, खूप बिघडलंय. एकावर गोल करायचा. माणूस स्वतःबद्दल हमखास फसवतो, त्याच्याबरोबर राहणारा फसवत नाही, म्हणून ही सोबत. सोबत नसेल तर तपासणी अर्धवट, आणि अर्धवट काम मी कधी घेतलं नाही. परत पाठवायचे. सरळ. माझ्या पाठीमागे सगळे मला हेडबाई म्हणायचे. म्हणू देत.

घड्याळं दुरुस्त करणारे एक आजोबा होते. पहिल्यांदा एकटेच आले, इस्त्रीचा शर्ट घालून, केसांवर पाणी मारून. मी पाटीकडे बोट दाखवलं. पंधरा दिवसांनी पुन्हा एकटेच. म्हणाले, बायको गेली, मूलबाळ नाही, दुकानही विकलं, कोणाला आणू? मी म्हटलं, तो माझा प्रश्न नाही. तिसऱ्यांदा आले तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाहेर वीस माणसं ताटकळलेली, आणि हे आपले टेबलाला धरून उभे.

"कोणीही चालेल का हो, बाई?" त्यांनी विचारलं.

"कोणीही चालेल," मी म्हटलं. "रस्त्यावरून धरून आणा. पण पुन्हा एकटे तोंड दाखवू नका."

आपण किती वाईट बोललो, हे मला तेव्हा कळलंसुद्धा नाही. खरंच नाही कळलं.

चौथ्यांदा ते सोबत घेऊन आले. आत त्यांनी पंधरापैकी तेरा शब्द सांगितले. त्यांच्या वयाला उत्तम. संगणकावर पाहिलं, तर बाहेर भरलेल्या अर्जात सव्वीसच्या सव्वीस ठिकाणी ‘खूप बिघडलंय’. मी मनात म्हटलं, नातेवाईक कजाग दिसतोय. आठ महिन्यांनी आजोबांना मनगटावरचं घड्याळ कशासाठी असतं, तेही सांगता येईना. ते नुसते त्याच्या काचेवरून बोट फिरवत बसले.

मग असे आणखी निघाले. तीन वर्षांत अकरा. तपासणीत ठणठणीत, अर्जात पार वाया गेलेले, आणि वर्षाच्या आत अर्ज खरा. एकही चुकला नाही. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. इतक्या लवकर चाहूल लागणारं जगात दुसरं काही नव्हतं. आपली सगळी यंत्रं, रक्ताच्या चाचण्या, पंधरा शब्द, सगळं झक मारतं आणि घरचा माणूस आधी ओळखतो, असा मी लेख लिहिला. जिकडेतिकडे बोलावणी यायला लागली. त्या अकरा म्हाताऱ्यांचं काय झालं, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही.

ऐकू आलं का काही? आई बोलतेय आत. बोलू दे. तुम्ही इकडे लक्ष द्या.

लेख छापून यायच्या आधी नियतकालिकाच्या परीक्षकांचं पत्र आलं. प्रश्न साधा होता. या अकरा सोबत्यांची रुग्णाशी ओळख सरासरी किती वर्षांची? अर्जाच्या डोक्यावर तो रकाना असतोच: नातं, आणि किती वर्षांपासून ओळखता. संगणकात फक्त गोलांचे आकडे चढवलेले, हे रकाने कोणी चढवलेच नव्हते. मूळ कागद मीही कधी पाहिले नव्हते. आपण लोक आकडे बघतो हो, कागद कुठे बघतो! तर दुपारी दोनच्या सुमाराला मी तळघरात निघाले. अकरा कागद काढायचे, अकरा आकडे उतरवायचे, दहा मिनिटांचं काम.

त्याच दिवशी आईचीही तपासणी होती. ती इथं एकटीच राहायची तेव्हा. गेले काही महिने एकच गोष्ट फोनवर तीन-तीनदा विचारत होती. आपल्या धंद्यातल्या माणसाला त्याचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागत नाही. घरच्या माणसाची तपासणी आपण करायची नाही हा नियम, म्हणून सहकारी बाईंना सांगून दोनची वेळ घेतली होती. सोबत अर्थात माझी. सकाळपासून आईचे तीन फोन झाले होते.

"तू येशील ना गं खाली? मला त्या हॉलमध्ये एकटीला बसायला नको वाटतं."

"येते गं बाई! कितीदा सांगू? तू हो पुढे, मी पाच मिनिटांत आलेच."

आणि मी तळघरात उतरले.

तळघर तुम्ही पाहिलंय. भर दुपारी दिवा लावावा लागतो, आणि ती ट्यूब सारखी गुणगुणते. कागदांचा वास असतो, फिनेलचा असतो. त्या दिवशी आणखी एक वास होता, उन्हाचं तोंड न पाहिलेल्या ओल्या कपड्यांचा, कुबट. नोंदी सांभाळणारे काका दोन वर्षांत निवृत्त होणार होते, म्हणून आधीच सगळ्यांवर रुसलेले. त्यांनी अकरा फायली आणून टेबलावर आपटल्या आणि पुन्हा आपल्या स्टुलावर जाऊन बसले.

पहिला कागद काढला. घड्याळवाल्या आजोबांचा. नातं: भाची. दुसरा काढला. नातं: सून. तिसरा, शेजारीण. चौथा, धाकटी बहीण. मी भराभर उतरवत होते. सातव्या कागदाला बोट थबकलं. मागून तो कागद खरखरीत लागत होता. लिहिणारीनं पेन इतकं दाबलं होतं की अक्षरं पाठीमागे उमटून वर आली होती. मी दुसरा उलटा केला. तसाच. तिसरा. मग अकराही कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडले.

एकच अक्षर होतं.

भाचीचं, सुनेचं, शेजारणीचं, बहिणीचं. एकच. ‘किती वर्षांपासून ओळखता’ या रकान्यात आकडे होते एकाहत्तर, अडुसष्ट, ब्याऐंशी. कुठली शेजारीण कोणाला ब्याऐंशी वर्षं ओळखते? मग लक्षात आलं. ती त्या त्या म्हाताऱ्यांची वयं होती. जन्मल्या दिवसापासूनची ओळख.

आणि अकराही फायलींच्या कव्हरवर लाल शाईत माझी नोंद. ‘सोबत नाही. परत पाठवले.’ आधीच्या तारखेची. कोणाची दोनदा, कोणाची तीनदा. अकराही एकटी माणसं, अकराही मी हाकललेली.

"काका," मी विचारलं, "हे अर्ज कोणी भरलेत?"

त्यांनी मान वाकडी करून पाहिलं. "ती बाई नाही का? तुमचीच ना?"

"माझी कोण?"

"तुम्हीच नेमलीय असं वाटलं आम्हाला. ज्यांना कोणी नाही त्यांच्यासाठी. बरं केलंत म्हटलं, बिचाऱ्यांची सोय झाली." ते थांबले. "का? तुमची नाही?"

"दिसायला कशी आहे?"

"कशी म्हणजे... आहे आपली..." काका विचारात पडले. विचार करता करता त्यांचा चेहरा उतरत गेला. "अहो, रोज बघतो मी तिला. आत्तासुद्धा वर चढताना दिसली. तुमच्या आईंचा हात धरला होता."

मी धावले. बावन्नाव्या वर्षी, या गुडघ्यांनी, दोन-दोन पायऱ्या टाकत. कपाटाचं दार लागून माझा कोपर सोलवटला, तो संध्याकाळी कळला.

हॉलमध्ये लख्ख ऊन होतं. असल्या गोष्टी अंधारातच होतात असं कोणी सांगितलं तर ऐकून घेऊ नका. अडीच वाजले होते, फरशीवर खिडकीचे चौकोन पडले होते, आणि हॉल रिकामा होता. एका पट्टीला जोडलेल्या त्या पाच खुर्च्या आहेत ना, त्यातल्या भिंतीकडच्या शेवटच्या खुर्चीत ती बसली होती. मांडीवर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर अर्ज. पेनाचा आवाज येत होता. कर्र... कर्र... बंद दाराच्या काचेमागून आईचा आवाज येत होता. सहकारी बाई काहीतरी विचारत होत्या आणि आई हसत होती.

त्या बाईचा चेहरा झाकलेला होता असं नाही. नाक, डोळे, सगळं जागच्या जागी होतं. पण नजर जरा बाजूला केली की काय पाहिलं ते आठवायचं नाही. पुन्हा बघावं, तर पुन्हा तेच. तीस वर्षं लोकांची स्मरणशक्ती तपासलेली बाई मी, आणि मला समोरच्या बाईचं तोंड एक क्षणभर लक्षात ठेवता येईना.

"कोण तुम्ही?" मी म्हटलं.

"बसा ना." तिनं मान वर केली नाही. "एकोणिसावा चाललाय. थोडेच राहिलेत."

"मी विचारलं, कोण तुम्ही?"

"यांच्या सोबत आलेय."

"त्यांच्या सोबत मी आहे. मी त्यांची मुलगी आहे. एकुलती एक."

पेन थांबलं. "हो का? मग इतका वेळ कुठे होतात?"

"खाली... कामात होते."

"कामात," ती म्हणाली, आणि पुढचा गोल केला. कर्र.

मला घाम फुटला होता, पण रागही तेवढाच आला होता. माझ्याच हॉलमध्ये, माझ्याच खुर्चीत बसून ही बया मला जाब विचारते! "तुम्हाला इथं बोलावलं कोणी?"

"तुम्हीच की." आवाज अगदी मऊ होता. तो मऊपणाच जास्त वाईट होता. "कोणीही चालेल म्हणालात. रस्त्यावरून धरून आणा म्हणालात. त्यांनी आणलं... आता आलेय, तर बसते."

"ते आजोबा बरे होते! तेरा शब्द सांगितले त्यांनी!"

"होते. मी लिहीपर्यंत होते."

मी तो अर्ज हिसकावला. कागद ओलसर होता. नातं: मुलगी. किती वर्षांपासून ओळखता: अठ्ठ्याहत्तर. आईचं वय. खाली एकोणीस गोल, सगळे शेवटच्या उत्तरावर. आणि त्याच क्षणी आतून आईचा आवाज आला, स्वच्छ, एकेक शब्द सावकाश... "शिडी... लिंबू... पडदा... आणि हो, कंदील..." माझी आई आत कंदील म्हणत होती, आणि इथं माझ्या हातातल्या कागदावर ती संपलेली होती.

मी कागदाचे तुकडे केले. ती बघत राहिली.

"मग तुम्ही भरा," ती म्हणाली. "कोणीतरी भरायला लागतोच ना. तुमचाच नियम."

टेबलावरून कोरा अर्ज घेतला, तीन खुर्च्या सोडून बसले आणि पेन उघडलं. नातं, मुलगी. वर्षं, बावन्न. इथपर्यंत कुठं अडले नाही. मग पहिला प्रश्न. हा अर्ज मला तोंडपाठ आहे हो, झोपेत म्हणून दाखवीन. पण उत्तरं? वस्तू जागच्या जागी सापडतात का? मला काय माहीत. शेगडी, नळ नीट बंद करतात का? काय माहीत. अलीकडे कोणाशी जास्त बोलतात? मी महिन्यातून एका रविवारी जाणारी, तेही घड्याळाकडे बघत. सव्वीस प्रश्न होते, आणि आईबद्दल एकाचंही उत्तर मला येत नव्हतं.

"दूध उतू गेलं मंगळवारी," ती म्हणाली. आता ती माझ्या शेजारच्या खुर्चीत होती. उठल्याचं मला दिसलं नव्हतं. "दोनदा. घाबरल्या होत्या. तुम्हाला फोन केला..."

"गप्प बसा."

"...तुम्ही म्हणालात, नंतर बोलू."

"गप्प बसा म्हणते ना!"

मी गोल करत सुटले. काही बदल नाही. काही बदल नाही. काही बदल नाही. एकही प्रश्न वाचला नाही. खोटी नोंद केली. आयुष्यात पहिल्यांदा. दुसऱ्या कोणी केली असती तर मी त्याला त्याच दिवशी घरी पाठवलं असतं. सव्विसावा गोल झाला, खाली सही केली आणि तो कागद छातीशी धरला.

"न बघताच भरलात," ती म्हणाली.

"भरला. माझी आई आहे."

"छान." ती हसली बहुतेक. "मीही तसंच करते."

"जा इथून. पुन्हा दिसलात तर बघा."

"जाते ना," ती म्हणाली. "घरी जाते."

"कोणाच्या घरी?"

तेवढ्यात काचेचं दार उघडलं. मी तिकडे पाहिलं, परत वळले, तर खुर्ची रिकामी होती. आई बाहेर आली, गालावर लाली, शाळेत पहिला नंबर आल्यासारखी. पंधरापैकी चौदा! सहकारी बाईंनी मला अंगठा दाखवला. मी आईला मिठी मारली. कित्येक वर्षांत मारली नव्हती, तीही जरा चपापली. मला रडू येत होतं. वाचवलं होतं मी तिला, तुम्हाला काय सांगू, जिंकल्यासारखं वाटत होतं.

आई माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत होती.

"धाकटी कुठं गेली गं?" तिनं विचारलं.

"कोण धाकटी?"

"असं काय करतेस? आत्ता इथं बसली होती. तुझ्याशीच तर बोलत होती."

त्याच आठवड्यात मी लेख मागे घेतला, नोकरी सोडली आणि सामान घेऊन इथं राहायला आले. आणि हो, ते अकरा अर्ज चोरले. बादलीत भिजवले आणि हातांनी कालवून लगदा केला. करा तक्रार, कुठं करायची तिथं. कागद विरघळला तरी ती दाबलेली अक्षरं बोटांना लागत होती.

आई बिघडली नाही. दर सहा महिन्यांनी तपासून आणते, परक्या ठिकाणी. आता पंधरापैकी पंधरा सांगते. डॉक्टर मला म्हणतात, तुमच्यापेक्षा तल्लख आहेत. दुधावर लक्ष, नळावर लक्ष, सगळ्या तारखा पाठ. फक्त त्या सगळ्यात धाकटी आहे.

बाबा गेले त्या रात्री मी परदेशात होते, परिषदेला. आई सांगते, धाकटी होती ना उशाशी, तिनंच तोंडात पाणी घातलं. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी तपासण्यांच्या निकालांत बुडाले होते. धाकटीनं महिनाभर थेंब घातले. घरात नळ फुटला, गुडघाभर पाणी झालं, तेव्हा धाकटी. मी यादी करून पाहिली. जिथं जिथं मी नव्हते, तिथं तिथं ती आहे. खरं सांगू? मला आधी भीती वाटली नाही. मत्सर वाटला. आई तिच्याबद्दल इतक्या मायेनं बोलते की ऐकवत नाही.

एकदा न राहवून मी ओरडले, "आई, तुला एकच मुलगी आहे! मी!" तिनं माझ्याकडे पाहिलं आणि समजूत घातल्यासारखं म्हणाली, "तुला वेळ नव्हता बाळा, म्हणून तुला ती आठवत नाही."

मग हळूहळू ती माझ्या जागांवरही यायला लागली. शाळेत माझा हात मोडला होता, बाबांनी खांद्यावरून दवाखान्यात नेलं होतं. हे बघा, अजून कोपर सरळ होत नाही माझा. आई म्हणते, धाकटीचा मोडला होता. माझा गोवर, माझी बक्षिसं, माझं गाणं. रोज एखादं जातं. मी समोर बसून ऐकते, आणि आई एकेक माझं तिला देऊन टाकते. विसरत नाही काहीच. विसरली असती तर बरं झालं असतं, असं आता वाटायला लागलंय. ही मी म्हणतेय, जिनं जन्मभर विसरण्याविरुद्ध काम केलं.

आता शेवटचं सांगते आणि मग तुम्ही जा. आईचा उजवा खांदा आखडलाय. हात कानाच्या वर जात नाही. दोन वर्षांपासून म्हणे, मला इथं राहायला आल्यावर कळलं. पण दुपारी तिचा डोळा लागतो ना, त्यातून उठते तेव्हा तिच्या केसांची वेणी घातलेली असते. घट्ट, एकही केस सुटा नाही. मला वेणी घालता येत नाही. सोडली की दुसऱ्या दिवशी पुन्हा, आणि आदल्या दिवसापेक्षा घट्ट. कपाळाची कातडी ओढली जाते, भुवया वर चढतात. कोणी घातली विचारलं तर आई नुसती लाजते.

परवा मी ठरवलं, हलायचंच नाही. जेवण झाल्यापासून तिच्या पुढ्यात स्टूल घेऊन बसले. तिची खुर्ची भिंतीला टेकलेली, मागे हात घालायलाही फट नाही. तिचे दोन्ही हात माझ्या हातांत घट्ट धरले. घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली. आईचे डोळे मिटत आले... आणि तिची मान हळूच मागे गेली. मग पुढे. पुन्हा मागे, हिसका बसल्यासारखी. गुंता सोडवताना जाते तशी.

"हळू गं," आई पुटपुटली. "दुखतं ना..."

मी तिचे हात सोडले नाहीत. बघत राहिले. तिच्या कानांवरचे केस आपोआप मागे ओढले जात होते, बटेबटेनं. पाच-सात मिनिटं गेली असतील. मग आईनं डोळे उघडले, माझ्या हातांतून आपले हात सोडवून घेतले, अगदी सभ्यपणे, आणि माझ्या खांद्यावरून मागे बघून म्हणाली, "माझं झालं. आता या बाईंची घाल. केव्हाच्या बसल्यात बिचाऱ्या."

माझे केस कापलेले आहेत, मानेपर्यंतही पोचत नाहीत. तरी मागून कोणीतरी ते गोळा करायला लागलं, आणि दोन बोटं सावकाश माझ्या मानेवर टेकली.